थोरल्याच्या प्रॉक्सीमार्फत

— छे छे, तुमचं चुकलं असं कोण म्हणतंय, साहेब? सकाळपासून तेच बटण दाबताय आणि तीच लाल ओळ उमटतेय, म्हणजे हात तर चांगलाच बसलाय तुमचा. काय म्हणते ओळ — परवानगी नाही? थोरल्याच्या ऑफिसातलं यंत्र आपल्याला ओळखत नाही? अहो, माझा थोरलाच कुठे ओळख दाखवतो, यंत्राला कशाला नावं ठेवता. पुन्हा एकदा सांगा बरं, माझ्या टाळक्यात शिरेल असं — नाही, राहू दे, मीच सांगते. गिऱ्हाईक विचारणार, शिलाई मशीनचा अमका पट्टा आहे का. धाकट्याच्या दुकानातली ही तुमची रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे मधली निरोप देणारी, दारात उभी राहून ऐकून घेणार. पण माल तिच्याकडे नाही, कारण वाटणीत दुकान धाकट्याला आणि गोदाम थोरल्याला. म्हणून ती थोरल्याच्या ऑफिसातल्या तिच्या वरच्या, त्या पेरेंट प्रॉक्सीला विचारणार, ती गोदामाला विचारणार, आणि उत्तर आलं की गिऱ्हाइकाला वाटणार, दुकानानंच दिलं. एवढंच ना? याला कॉलेजात इतकी वर्षं लागतात होय. वाटणीपासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, जे काय ते आईमार्फत, माझ्यामार्फत — आणि माझ्याकडे लाल ओळ कधी उमटलेली नाही, हं.

आता तुमची प्रॉक्सी बिचारी जसंच्या तसं पोचवते. मी नाही पोचवत. थोरला म्हणतो, त्याला सांग, तोंड दाखवू नकोस — मी इकडे सांगते, दादा तब्येतीचं विचारत होता. धाकटा म्हणतो, गेला उडत — मी तिकडे सांगते, तुझी आठवण काढतो. हसता काय? वरून उत्तर आलं नाही तर साठवलेलं शिळं उत्तर द्यायची सोय तुमच्यातही असते, मघाशी तुम्हीच म्हणालात. मीही तेच देते. थोरला हल्ली माझाही फोन घेत नाही, कारकून घेतो, मालाचं तेवढं बोलतो. पण जेवायला बसला की धाकटा विचारतोच — दादा काय म्हणाला? घास हातात धरलेल्या पोराला काय सांगायचं, की दादा — जाऊ दे. तो पोटभर जेवतो, एवढं खरं. त्या भरवशावरच तर म्हणाला, दादाच्या मनात काही नाही ना आई, मग दुकान त्याच्या गोदामाला जोडूनच टाकू.

काय? परवानगी गोदामाच्या मालकानंच द्यायला हवी? मग धाकट्याला म्हणणार, तुम्हीच भावाला फोन लावा — आता, तुमच्यासमोर?

ठेवा तो फोन खाली. ठेवा म्हणते ना. थोरल्यानं नाही म्हटलं तरी इकडे हो असं दिसावं, असं काही करता येत नाही यात? नाही येत. एवढी महागाची वस्तू, आणि एवढंही येत नाही.

मग आवरा वायरी. धाकट्याला मी सांगेन, दादा कधीचाच हो म्हणालाय, यंत्रच नादुरुस्त निघालं. निघा, तो येईल एवढ्यात.