दहापैकी किती दुखते?

अरे, तुमचे पेशंट तं परके असतेत, मले माह्या बाबानंच परीक्षेत फसवलं.

फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष होतं. प्रॅक्टिकलले आपला पेशंट आपणच आणाचा होता, म्हणून मी बाबाले नेलं. क्रेन चालवू चालवू त्यायचा उजवा खांदा पार गेला होता. हात वर नेला की कळ निघे. हुडको कॉलनीतल्या आमच्या घरी मी सगळं विचारून फाइल बनवली. दुखणं किती, तं बाबा म्हणे, दहापैकी सात.

परीक्षक म्हणाले, "चाचाजी, हाथ ऊपर कीजिए."

बाबानं दात दाबून हात सरळ कानाले लावला!

"दर्द कितना है?"

"ज़ीरो, सर. बिटिया ने एकदम ठीक कर दिया."

मी हळूच म्हटलं, "बाबा, कावून खोटं बोलून राहिले तुम्ही? दुखणंच दाखवाचं आहे मले!"

"चूप बस. मार्क कापतीन ते."

परीक्षकानं फाइल पाहिली, बाबाच्या कपाळावरचा घाम पाहिला. "ज़रा शर्ट उतारिए."

डावी बाही निघाली, उजवी काही निघेना. मंग घरी रोज काढते तशी मीच अलगद काढून देली. परीक्षक हसले अन् फाइलवर सही केली.

बाहेर स्कूटीपाशी आलो तं हेल्मेट घालाले बाबाचा हात खांद्यापर्यंतही जाईना. मीच घालून देलं, पट्टा लावला.

हेल्मेटच्या आतून बाबाचा आवाज आला, "पास झाली ना? मंग आता खरं सांगतो. घरीही सात नव्हतं, बेटा. नऊ होतं."