दादाच्या ट्रॉम्बोनची नळी

दादा गेला त्या दिवशीही माझं डोकं असं सुन्न झालं नव्हतं, ऐका.

दादा जालन्यात वरातीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. सरकत्या नळीचा पितळी बाजा, जुन्या बाजारातून घेतलेला. तो गेल्याला महिनाही झाला नाही आणि मी आईला बोलून बसलो, "दादाचा बाजा आता मी वाजवणार." नळी काही सरकेना, म्हणून तडक त्याच्या बँडच्या उस्तादांकडे गेलो.

त्यांनी भोंग्यावरची झिजलेली अक्षरं पुसून पाहिली. "असली विलायती माल हाय. तुह्या आज्याच्या वेळचा."

"मंग शिकायला चालंल ना? नळी तेवढी जाम झाली, तेल टाका."

"जाम न्हाई झाली, बाबा. डाख मारून पक्की केलेली हाय. मीच केली. वरातीत निसटून पडायची."

"मंग दादा वाजवायचा कसा?"

उस्तादांनी मान खाली घातली. "वाजवत नव्हता. नुसते गाल फुगवायचा. लग्नवाल्याला बँडमध्ये माणसं जास्त दिसायला पाहिजेत."

गावात आम्ही त्याच्या नावानं छाती काढून फिरायचो. आता आईला काय सांगू? शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे ह्याच्यावर शिकता येणार न्हाई?"

"शिकायला बिलकुल बेकार. उभं राह्यला बराबर हाय. परवा वाटूरला लग्न हाय. तुह्या भावाची जागा मोकळीच हाय. येतो का?"

"येतो," मी ताडकन म्हणालो. "पण बँडचा कोट दादाचाच द्या."