डाव्या मनगटावरचा डाग

मी, ‘फिरस्ता’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, वय ५२ वर्षे, धंदा देशोदेशी फिरून फोटो काढणे, राहणार स्टेशनमागची वसाहत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर मी थोरल्या बहिणीसोबत राहतो. गेली एकोणीस वर्षे मी कामात गुंतलेल्या हातांचे फोटो काढतो. जाळे विणणारे, पाव भाजणारे, घड्याळ उघडणारे. प्रत्येक फोटोखाली गाव, गल्ली, दुकान आणि वेळ लिहितो. एकदा परदेशात अशा पत्त्यावरून एका म्हाताऱ्या सुताराला त्याचा हरवलेला भाऊ सापडला, तेव्हापासून ही सवय जडली. ताई म्हणते, “तुझ्या फोटोत माणूस वीतभर आणि पत्ता हातभर.” साहेबांनी मुद्द्याचे बोला असे बजावल्यावरून पुढे सांगतो.

सध्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये माझे प्रदर्शन चालू आहे. बेचाळीसपैकी एकेचाळीस फोटो परदेशातले आहेत. एकच इथून बसने सहा तासांवरच्या गावातला, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा. फोटो घेताना त्या म्हणाल्या होत्या, “दादा, चेहरा नको हं.” मी चेहरा घेतला नाही. शब्दाचा मी पक्का आहे. फोटोत फक्त कापड, मशीन आणि हात आहेत. डाव्या मनगटावर इस्त्रीच्या टोकाने भाजल्याचा जुना डाग आहे. त्यावर खिडकीतला उजेड नेमका पडला होता, म्हणूनच मी तो फोटो निवडला.

आज सकाळी ११.१० वाजता एक इसम आला. वय पंचेचाळीसच्या आसपास, निळा कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणे मऊ. “काय सुरेख काम आहे! मलाही कोट शिवून घ्यायचाय. भेटतील का?” असे त्याने विचारले. पत्ता खाली लिहिलेला होताच, पण मी हुरळून गेलो. कुठून वळायचे, शटर कधी उघडते, सगळे सांगितले. दुपारी गर्दी असते का, असे त्याने विचारले. “छे, एकट्याच असतात,” हे वाक्य माझे आहे.

११.४० ला तो गेला. ताई दाराशी टेबलावर बसली होती. ती म्हणाली, “अरे, त्यानं दुसरा एकही फोटो पाहिला नाही. त्या डागावर अंगठा दाबून उभा होता.” मी जाऊन पाहिले. काचेवर ठसा होता. ती काच पुसली नाही, सोबत आणली आहे.

१२.०५ ला मी दुकानात फोन लावला आणि घडले ते सांगितले. बाईंनी विचारले, “चेहरा तर नाही ना घेतलात?”

मी म्हणालो, “नाही हो, फक्त हात.”

मशीन थांबल्याचे ऐकू आले. मग त्या म्हणाल्या, “इस्त्री त्यानंच टेकवली होती दादा. माझा नवरा आहे तो. तो नाही ओळखणार, तर कोण?”

फोन बंद झाला. नंतर नऊ वेळा लावला, उचलला नाही.

तिकडची बस १२ वाजता सुटते, ६ ला पोहोचते. ठाण्यातला माणूस स्टँडवर गेला तोवर ती गेली होती. बस वाटेत अडवण्यास कळवले आहे. तो त्याच बसमध्ये आहे की नाही, हे नक्की नाही. गाव आणि दुकान मी साहेबांना तोंडी सांगितले असून कागदावर घेऊ नये अशी विनंती केली, ती मान्य झाली.

२.२० ला तिकडच्या ठाण्याचा फोन आला. दुकानाला बाहेरून कुलूप आहे. खिडकीच्या काचेतून मशीनवर अर्धी शिवलेली बाही दिसते. बाई कुठे गेल्या, शेजारी कोणालाच ठाऊक नाही. साहेबांनी मला विचारले, “तुम्हाला काही कल्पना?” मला नाही. एखादे ठिकाण मला ठाऊक नाही, याचे आज पहिल्यांदाच बरे वाटले. मला भीती वाटते आहे, हेही लिहून घ्यावे. हॉलमधल्या सगळ्या फोटोंखालच्या चिठ्ठ्या ताईने काढून टाकल्याचे तिने फोनवर कळवले आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. माझा स्वतःचा सोडून त्यात कोणाचाही पत्ता नाही, हे दोनदा तपासले आणि मग सही केली.