एक नंबरच्या खोलीतला पाहुणा

नाही पण मला सांगा, एका ओळीसाठी, अख्ख्या सीझनमधल्या चारशे बारा पाहुण्यांतल्या एका ओळीसाठी कुणी रजिस्टर परत पाठवतं का? आणि एकदा नाही हो, दोनदा! डोंगर उतरायचा, दोन तास त्या खटारा बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची, मग ते लॉजची रजिस्टरं तपासणारं सरकारी ऑफिस, तिथे हीटर फक्त कारकुनाच्या पायाशी, आपण समोर उभे कुडकुडत... आणि हा गृहस्थ चष्मा कपाळावर चढवणार, पेन्सिलीचं टोक बरोब्बर त्या एका ओळीवर ठेवणार आणि म्हणणार, "तुमचा एक पाहुणा गेलेला दिसत नाही." दिसत नाही म्हणजे? गेला! सगळ्या गावाला ठाऊक आहे गेला ते! तर म्हणे, गेला असेल, पण कागदावर अजून तुमच्याकडेच आहे.

ती ओळ आमच्या वडिलांची. आता तुम्ही म्हणाल, वडील आणि पाहुणे? स्वतःच्या घरात? तेच सांगतोय, जरा दम धरा.

आमचं गाव म्हणजे काय, चार महिने जत्रा आणि आठ महिने मसणवटा. चार महिन्यांत काय ते कमवायचं, मग धुकं, मग बर्फ, मग रस्ता बंद, आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलेले. त्यामुळे त्या चार महिन्यांत गावात कोणी काही करत नाही. दात दुखला? दुसऱ्या बाजूने चावा, सीझन संपू दे. लग्न ठरलं? ठरू दे, सीझन संपू दे. शेजारच्या लॉजवाल्याशी माझं गटारावरून सात वर्षं भांडण आहे. पण सीझन लागला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतो, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून, आणि सीझन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता, ज्या शिवीवर थांबलो होतो तिच्या पुढच्या शिवीपासून सुरू करतो. असं शिस्तीचं गाव आहे आमचं.

आणि आमचं घर, पाच खोल्या. सीझन लागला की पाचही पाहुण्यांना, आणि आम्ही सगळे मागच्या खोलीत. मागची खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या पाठची, जिथे सिलिंडर, जादा गाद्या, मोडक्या खुर्च्या आणि आम्ही. खिडकी आहे, नाही असं नाही, पण उघडली की समोर शेजाऱ्याची पाण्याची टाकी. आणि एक नंबरची खोली, ती वडिलांची. तिथे ही एवढी खिडकी, पलंगावर पडल्या पडल्या अख्खा डोंगर दिसतो. आई त्याच खोलीत गेली, डोंगराकडे बघत. आठ महिने वडील त्या खोलीत, चार महिने सिलिंडरजवळ. बावीस वर्षं हे चाललंय, बाबा कधी हूं की चूं बोलले नाहीत.

या वर्षी बोलले. सीझन लागायच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय दमलंय, जपा. मी म्हटलं डॉक्टरसाहेब, इथे कोण दमलेलं नाही? तर घरी येऊन बाबा मला म्हणाले, "या वर्षी मला माझ्या खोलीतच राहू दे." मी म्हटलं बाबा, एक नंबर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बुक आहे, लोक वर्षभर आधी त्या खिडकीसाठी फोन करतात, असं काय करता? सीझन संपू दे, मग आठ महिने तुमचीच आहे. बाबांनी उशी उचलली आणि मागे सिलिंडरजवळ जाऊन आडवे झाले.

मग ऐन सीझनमध्ये, तिसऱ्या महिन्यात, एका पार्टीने बुकिंग रद्द केलं. एक नंबर, चार दिवस, रिकामी! मी जेवताना डोकं धरून बसलो. बायको म्हणाली, "मग चार दिवस बाबांनाच द्या की." मी म्हटलं वेड लागलंय का तुला, मी चार ठिकाणी फोन फिरवतोय, कोणीतरी मिळेल. आणि तुम्हाला सांगतो, अर्ध्या तासात मिळालं! फोन आला, आवाज खोल, घोगरा, म्हणजे मुद्दाम काढलेला, "चार दिवस, एक माणूस, वयस्कर आहेत, खिडकी पाहिजे." मी म्हटलं या, या! अॅडव्हान्ससुद्धा पोचला. मला काय माहीत पलीकडे रोपवेचे तिकीटकाका आहेत, बाबांचे चाळीस वर्षांचे दोस्त, आणि त्यांच्या शेजारी बाकावर आमचे तीर्थरूप बसलेत!

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. एक नंबरचा गिझर बंद, दुरुस्तीवाला माझ्या डोक्यावर उभा, कानाला फोन, काउंटरसमोर दोन कुटुंबं बॅगा घेऊन. आणि दारातून कोण येतंय? बाबा. मागच्या दाराने निघून, घराला वळसा घालून पुढच्या दाराने. अंगात लग्नाकार्याचा कोट, डोक्याला टोपी, हातात आईची जुनी बॅग, आणि मागून तिकीटकाका छत्री धरून. मला म्हणतात, "नमस्कार. बुकिंग आहे आमचं." घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! आता मी काय करणार? पाहुण्यांसमोर ओरडणार? बापावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी फोनवर बोलता बोलता रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं, म्हटलं भरा. चांगली दहा मिनिटं भरत होते, एकेक रकाना, चष्मा पुसून पुसून. मागची माणसं या पायावरून त्या पायावर. मी बघितलंसुद्धा नाही काय लिहिलं ते, किल्ली दिली आणि गिझरवाल्याच्या मागे धावलो.

मग चार दिवस ते सोंग. बायकोही सामील, तिला तर उत्साह! चहा ट्रेमध्ये, चांगल्या कपात. ती परत आली की मी विचारायचो, काय म्हणतात? तर म्हणे, तक्रार आहे, उशा पातळ आहेत, मालक चिकट दिसतात. उशा कुणी आणल्या होत्या? त्यांनीच! आणि रोज सकाळी तिच्याजवळ एकच निरोप, मालकांना म्हणावं, सवड झाली की येऊन जा. सवड! मी म्हटलं, सांग त्यांना, पाच नंबरच्या पोरांनी बेसिन उखडलंय, घोडेवाला गिऱ्हाइकाशी भांडून बसलाय, आणि मला म्हणे सवड. सीझन संपू दे.

तिसऱ्या दिवशी मी गरम पाण्याची बादली घेऊन जिन्यावरून चाललेलो, एक नंबरचं दार उघडं. बाबा खुर्चीत, खिडकीशी. समोर दुसरी खुर्ची मांडून ठेवलेली. मला बघितलं आणि म्हणाले, "जरा बसता का, मालक?"

अहो-जाहो! स्वतःच्या पोराला! मला हसूही आलं आणि डोकंही फिरलं. मी म्हटलं, "बाबा, पुरे करा आता हे सोंग, खाली दोन गाड्या आल्यात."

"बरं, बरं," म्हणाले. "सीझन संपल्यावर बसू."

म्हणजे माझंच वाक्य. गावात सगळेच म्हणतात, मला काही वेगळं वाटलं नाही. बादली निवत होती, मी गेलो.

चौथा दिवस. चेक-आउट अकराचं. अकराला पाच मिनिटं कमी आणि एक नंबरचे पुढचे पाहुणे दारात हजर, नवीन लग्न झालेलं जोडपं. मी वर गेलो, दार वाजवलं, दोनदा वाजवलं, म्हटलं बाबा, आवरा. आत गेलो. अंथरूण नीट केलेलं, बॅग भरून दाराशी ठेवलेली, किल्ली टेबलावर. बाबा खुर्चीत, पायात बूट, तोंड डोंगराकडे. मला वाटलं, बघताहेत... बावीस वर्षं दर वर्षी चार महिन्यांचा डोंगर बुडाला, तो बघून घेताहेत. मी म्हटलं उठा. खांद्याला हात लावला.

तुम्हाला सांगतो, माणूस काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली? रडू नाही. पहिली गोष्ट आली, की खाली पाहुणे आहेत. मी दार लावून घेतलं, खाली येऊन त्या जोडप्याला हसून सांगितलं की खोली साफ होतेय, तोवर सरबत घ्या, आमच्याकडून. डॉक्टर आले ते मागच्या दाराने. बाबा गेले ते मागच्या जिन्याने, मी, तिकीटकाका, डॉक्टर आणि शेजारचा लॉजवाला, हो, तोच गटारवाला, न बोलावता आला आणि सगळ्यात जड बाजू त्याने धरली. अंगणात पाहुण्यांचा कॅरम रंगात आला होता. एकाने विचारलं, काय हलवताय? मी म्हटलं, सामान. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. आणि ते जोडपं... ते मधेच, दोन वाजता, खोलीत गेलं. चादर बदलून दिली होती मी. नवरी खिडकीशी जाऊन म्हणाली, किती शांत वाटतं नाही इथे? आणि त्या खुर्चीत बसली. मला जिन्यापर्यंत ऐकू आलं.

बायको त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. म्हणजे पाहुण्यांसमोर बोलायची, हसूनसुद्धा. मागच्या खोलीत आलो की भिंतीकडे तोंड.

आणि रडायचं? केव्हा? नाश्ता किती जणांचा, पाण्याचा टँकर आला का, चार नंबरला जादा गादी. मी स्वतःला म्हटलं, सीझन संपू दे. गावानेही तेच म्हटलं. आमच्याकडे भेटायलासुद्धा सीझन संपल्यावरच येतात. या वर्षी गावात गेलेले चार. त्यामुळे सीझन संपला त्या आठवड्यात सगळं गाव रस्त्यावर, कोणी कुणाकडे, कोणी कुणाकडे. आम्ही घोडेवाल्याकडे निघालो, त्याची आई गेली म्हणून, तर तो आमच्याकडेच निघालेला, पुलावर गाठ पडली. आता पुढे जायचं तर घरी कोणी नाही. मग तिथेच पुलावर तो म्हणाला फार वाईट झालं, मी म्हटलं तुमचंही फार वाईट झालं, आणि दोघं परत फिरलो. दोघांचीही एकेक फेरी वाचली.

आणि मग हे रजिस्टर. दर वर्षी सीझन संपला की तपासायला नेऊन द्यायचं, नेऊन दिलं, परत आलं. एका ओळीवर पेन्सिलीची फुली. गेल्याची तारीख, वेळ आणि सही, कोरी. तेव्हा पहिल्यांदा ती ओळ मी वाचली. बाबांचं अक्षर, थरथरलेलं, पण काना-मात्रा चुकलेली नाही. नाव. वय. कुठून आलात? त्यात लिहिलंय, मागच्या खोलीतून. वाचून मी हसलो हो, एकटाच, मोठ्याने! कुठे जाणार? ते कोरं सोडलंय. आणि मग, येण्याचं कारण. तिथे लोक काय लिहितात, हवापालट, फिरायला, त्या जोडप्याने लिहिलंय सहज. बाबांनी लिहिलंय...

"मुलाची भेट."

चार दिवस राहिले. खुर्ची मांडून ठेवली होती.

मी तसंच मिटून दुसऱ्यांदा नेऊन दिलं. म्हटलं नसेल बघत कोणी इतकं. बघितलं. परत पाठवलं. काल तिसऱ्यांदा गेलो. कारकुनाला म्हटलं, अहो, तो पाहुणा वारला, सही कुठून आणू? तो म्हणाला, मालकाची सही चालते, वेळ टाका, कुठे गेले ते दोन शब्दांत लिहा, झालं. आणि पेन पुढे केलं. आवाज मऊ होता त्याचा, त्यानेही ती ओळ वाचली असणार, तीनदा. मी पेन घेतलं. वेळ लिहायला गेलो, अकरा... का दहा? का पहाटेच? मला कुठे माहीत? मालकाला काहीच माहीत नाही! हात नुसता वर धरलेला, मागे रांग, त्यात हीटर नाही, आणि डोळ्यांपुढे सगळं धुरकट. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "आज राहू द्या साहेब. सीझन संपू दे, मग सवडीने भरतो."

त्याने चष्मा खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

"अहो," म्हणाला, "सीझन संपून दीड महिना झाला."