बापाला काट्यावर उभं करा

...न्हाय, हसा, हसा! दात काढायला काय जातंय तुमचं? तुमी न्हवता ना उभं निमगाव केतकीच्या मैदानात, वजनकाट्यावर, आख्ख्या पब्लिकसमोर! मी व्हतो! आन् ठराव कुणाचा? माझाच!

तुमास्नी सांगतो, आमची कबड्डी पासष्ट किलोची. सकाळी काट्यावर वजन करायचं, पासष्टच्या आत आला तर खेळ, न्हायतर घरी जा. गेल्या साली एका संघानं भलत्याच पोराचं वजन करून दुसराच जाडजूड गडी खेळवला. शिक्षा काय? एक गुण कापला आन् सोडलं! माझं डोकंच फिरलं. स्पर्धेच्या बैठकीत उठलो, 'एका गुणानं काय व्हतंय? लबाडी केली की संघ दोन वर्षं बाद! आन् त्या गड्याच्या बापाला काट्यावर उभं करा! पोराला लाज नसंल, बापाला तरी आसंल!' काय टाळ्या पडल्या म्हणता! ठराव पास! मी टोपी सारखी करत खाली बसलो.

आता यंदा. आमचा युवराज, व्हय, माझंच पोरगं, चढाईवर चढाई करतंय, मी शिट्ट्या मारतोय. आन् पलीकडल्या संघाचा आबाजी उठला, अगदी सावकाश... 'सावळारामतात्या, पोरगं जरा भरल्यावाणी दिसतंय. पुन्यांदा वजन करू या का?' म्हनलं, करा की! हज्जारदा करा!

केलं. अडुसष्ट.

मी वरडलो, 'काटामारी! काटाच खोटा हाय!' काय करणार, कारखान्याला ऊस घालून घालून सवयच लागलीय, आकडा मनासारखा न्हाय आला की पयलं त्येच तोंडातनं निघतं! आबाजीनं गुमान खताची पन्नास किलोची गोणी आणून ठिवली. बरोब्बर पन्नास! काटा खरा, पोरगं खोटं. सकाळी युवराजच्या नावावर त्येचा चुलतभाऊ ऋषिराज उभा ऱ्हायला व्हता. दोघं दिसायला सारखी, कुणाला कळतंय!

मग मी काय केलं ठावं हाय? सांगायला जीभ रेटत न्हाय... आबाजीचा हात धरला. 'पयलीच येळ हाय ओ, पोरसवदा हाय, एक गुण कापा की...' मी म्हणलो ह्ये! मी! आबाजी म्हणला, 'तात्या, ठराव कुणाचा?'

कुणाचा? माझाच!

चढलो. आन् चढताना चपला काढल्या, जणू वजन कमी भरलं तर सोडणार व्हते मला! माईकवाल्याला कुणी इचारलं व्हतं का? पर पुकारलं त्यानं, 'सावळारामतात्या, ब्याण्णव किलो!' टाळ्या! बैठकीत पडल्या व्हत्या तशाच! बायकांच्यात आमची कारभारीण मुक्ताबाई बसलेली, तिनं पदर तोंडावर घेतला. संघ दोन वर्षं बाद, बाकीची पोरं माझ्याकडं बघंनात. आन् युवराज रेघेवर उभा, मान खाली, रडत व्हता.

घरी येऊन जेवला न्हाय. म्हणला, 'अण्णा, मला मारलं असतं तरी चाललं असतं. तुमाला तितं बघवलं न्हाय. पुन्यांदा न्हाय करणार.'

म्हंजे शिक्षा लागू पडली बघा! कडक शिक्षेबिगर लबाडी थांबत न्हाय, म्हणलोच व्हतो मी... फकस्त ठराव मांडायच्या आधी, आपल्याबी घरात एक पोरगं हाय, येवढं आठवायला पायजे व्हतं.