एक फ्यूज, सोळा घरं

मी सुमन. गाव आमचं नांदेडाकडचं, पण ते मी नावालाच बघितलं, बाप कामाला हैदराबादला आला अन् मी अंबरपेठेतच वाढले, म्हणून माझं मराठी असं आहे बघा, मधीच हौ, मधीच नक्को. बापानं दहावीपर्यंत शिकवलं, मग मी सरकारी हापिसात अटेंडर, म्हणजे शिपाई लागले. सगळे गेले की दिवे-पंखे बंद करायचं काम माझ्याकडं. काय सांगू तुम्हाला, साहेब लोक घरी पोचायचे अन् पंखे इकडं रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत बसायचे. तीस वर्षं बटणं बंद केली, हाताला खोडच लागली. रिटायर झाले तरी जिन्यात दिवसा दिवा दिसला की हात जातो, सून म्हणती, आत्या, हापिस सुटलं आता तुमचं.

तर आमची बिल्डिंग. चार माळे, सोळा घरं. सगळ्यात खाली नरसिम्हुलू तातय्या राहतात, तातय्या म्हणजे आजोबा, छाती कमजोर, दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर, अन् ते मशीन चालतं करंटवर. गेल्या एप्रिलात रोज दुपारी आमचा मेन फ्यूज उडायचा. उडणारच की, तीन वाजले की एसी, कूलर, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, सगळं एकदाच. एका दुपारी करंट गेला तो दोन तास आलाच नाही. तातय्याचे ओठ निळे पडले, त्यांची सून लक्ष्मी रडायला लागली, आम्ही चौघींनी खुर्चीसकट उचलून त्यांना ऑटोत घातलं. वाचले. पण ऑटोत त्यांचा हात माझ्या हातात होता, अन् तो थंड पडत चालला होता, ते काही मला विसरता येत नाही.

मग मी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. लोक म्हणले मोठ्या लाइनीसाठी अर्ज द्या. दिला की, पण उन्हाळा काय अर्जासाठी थांबतो? मी म्हणलं, तवर पाळ्या लावू. मोटर पहाटे, कपडे अन् इस्त्री दहाच्या आत, अन् दुपारी एका माळ्यावर एकच एसी, चारी घरांनी तिथंच बसायचं. बाया हसल्या, पण हौ म्हणल्या. माझ्याच माळ्यावरचे पाटीलभाऊ, कापडाचे व्यापारी, तेवढे उठून गेले. म्हणले, सुमनबाई, बिल मी भरतो, मी कायकू दुसऱ्याच्या घरात बसू?

मी भांडले नाही. दोन दिवसांनी लक्ष्मीला औषध आणायला जायचं होतं, मी एकटी होते तातय्याजवळ, भाऊ दुकानातून जेवायला येताना दिसले, म्हणलं जरा बसा माझ्यासंगं. बसले बिचारे. अन् तेवढ्यात फ्यूज गेला. मशीन चूप. घरात आता ऑक्सिजनचा लहान सिलेंडर ठेवला होता, मी तो लावायला धावले तर चावी फिरंना. तातय्यानं भाऊंचं मनगट असं गच्च धरलं, सोडंनात. चावी फिरली, तातय्याला श्वास येऊ लागला, तरी भाऊ तसेच बसलेले. मग हळूच म्हणले, सुमनबाई, वर आमचे दोन्ही एसी चालू आहेत.



दुसऱ्या दिवशी दोन वाजता दार वाजलं. बाहेर पाटीलवहिनी. म्हणल्या, या, आमच्याकडं बसू सगळे, एकच एसी लावलाय. काय सांगू तुम्हाला, एका माळ्यावर राहून अकरा वर्षांत मी त्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. त्या दिवशी तिथं बसून आम्ही चार घरच्या बायांनी शेवया वळल्या. अन् भाऊ? मोटरची चावी त्यांनी स्वतःकडं घेतली, टाकी भरून वाहिली तर मलाच रागवायला लागले.

अख्खा मे गेला, फ्यूज एकदाही उडला नाही. एकदासुद्धा नाही. शेवटी लाइनमन आपणहून आला, विचारतो, अम्मा, बिल्डिंग रिकामी झाली का? आम्ही अशा हसलो.

आता शेजारच्या बिल्डिंगवाल्यांनी पाळ्या लावून द्यायला बोलावलंय, मलकपेठेत बहिणीकडंही जाऊन सांगून आले. गुडघे दुखतात, पण जिने चढते. उतरताना तातय्याच्या दारात थांबते, आत मशीन चालू असतं, ते हात वर करून म्हणतात, चल्लगा उंडम्मा. तेलुगूत आशीर्वाद आहे तो, थंडगार राहा, सुखी राहा. तुम्ही एवढं बसून ऐकलं, लिहून घेतलं, तुम्हालाही तेच म्हणते, चल्लगा उंडंडी.