जिवंत पिल्लं, जपून हाताळा

मेरिबेथ: माझ्या नावाने काही आलंय का, एवढंच विचारतेय, मिस नेल्डा.

नेल्डा: आणि मी एवढंच म्हणतेय, की तुमच्या रस्त्याच्या तोंडाशी पाच टपालपेट्या उभ्या आहेत आणि त्यातली एक तुमची आहे. तुझं टपाल तिथे जायला हवं. 'पोस्टात ठेवा, येऊन नेईन' असं या गावात शेवटचं कुणी कळवलं होतं, माहीत आहे? सर्कसवाल्यांनी. त्यालाही अकरा वर्षं झाली.

मेरिबेथ: त्या पाचही पेट्या सासूबाई उघडतात.

नेल्डा: लुएला? हो, ते माहीत आहे मला. सगळ्यांचं टपाल काढते आणि घरोघर वाटत फिरते. म्हणे, तेवढाच पायांना व्यायाम.

मेरिबेथ: पाकीट उजेडाला धरून बघतात, मग देतात. म्हणून रस्टी म्हणाला, पोस्टातच ठेवायला सांगू, म्हणजे कुणाला कळायचं नाही.

नेल्डा: कमाल आहे तुझ्या नवऱ्याची! पंधरा पंधरा दिवस तेलाच्या विहिरीवर राहून गावाचा विसर पडलाय त्याला. अगं, पेटीत टाकायचं असतं, तर टपालगाडीवाला हॉइट सकाळी गठ्ठा उचलून घेऊन गेला असता, मी ओझरतं बघितलं असतं तेवढंच. इथे ठेवायचं म्हणजे माझ्या फळीवर. माझ्या नाकासमोर. चार दिवस झाले त्याला. ओळखपत्र दाखव.

मेरिबेथ: माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा टॉवेल तुम्ही धरला होता.

नेल्डा: धरला होता. ओळखपत्र दाखव.

मेरिबेथ: हे घ्या.

नेल्डा: फोटोत बरी दिसतेस. आता अगदीच पांढरी पडलीयस.

मेरिबेथ: पाकीट देताय ना?

नेल्डा: देते, देते. पाठवणाऱ्याचं नाव नाही, नुसता न्यूयॉर्कचा एक पेटी नंबर. आत काय आहे ते मी विचारत नाही. मला तो अधिकार नाही.

मेरिबेथ: मग विचारू नका.

नेल्डा: नाहीच विचारत. पण असली तीन पाकिटं या वर्षात येऊन गेलीत आणि मी काही दूधखुळी नाही. मेरिबेथ, गर्भपातबंदीच्या त्या कायद्यासाठी मी ऑस्टिनपर्यंत बसने गेले होते. विधानभवनासमोर फलक धरून तीन तास उभी होते उन्हात. पाय सुजून बूट निघेनात.

मेरिबेथ: माहीत आहे. बससाठी सँडविचं मी बांधून दिली होती.

नेल्डा: अगोबाई, हो की. चीज आणि लाल मिरचीची.

मेरिबेथ: चाळीस केली होती. तेव्हा माझं हृदय धड होतं.

नेल्डा: आणि आता?

मेरिबेथ: धाकट्याच्या वेळी काय झालं ते तुम्ही जाणता. पाण्यात बुडाल्यासारखी धाप लागायची, उताणं झोपता यायचं नाही. सुटले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, चौथं राहू देऊ नका, हे हृदय पेलणार नाही. रस्टीचं ऑपरेशन करायचं ठरलं, आणि आम्ही आज करू, उद्या करू करत बसलो. आता चौथ्याचा सातवा आठवडा लागलाय, आणि रात्री पुन्हा उशांना टेकून झोपावं लागतंय.

नेल्डा: गेलीस का त्या डॉक्टरांकडे?

मेरिबेथ: त्यांच्याकडेच गेले. तोच कागद समोर ठेवला. ते आपल्या बुटांकडे बघत बसले. म्हणाले, जीव धोक्यात आला तर कायद्यात परवानगी आहे, पण अजून तेवढा आलेला नाही. मी विचारलं, कधी येईल? तर म्हणाले, आला की या.

नेल्डा: आला की या.

मेरिबेथ: पावणेदोन तासांचा रस्ता आहे, मिस नेल्डा. रस्टी विहिरीवर, तीन पोरं मागच्या सीटवर, आणि जीव जायला लागला की मी गाडी चालवत यायचं.

नेल्डा: रस्टी काय म्हणाला?

मेरिबेथ: रडला. न्यूयॉर्कला याला बंदी नाही, तिथल्या डॉक्टरांना फोन त्यानेच लावला. मला मरायचं नाही, मिस नेल्डा. दुसरं काही कारण नाही माझ्याकडे.

नेल्डा: घे. धर तुझं पाकीट. आणि हळू बोल, अर्डिथची गाडी लागली दारात.

मेरिबेथ: अर्डिथबाई? आता?

नेल्डा: आपल्या फलकवाल्या समितीच्या अध्यक्षबाई, साक्षात. ते पाकीट असं छातीशी धरून उभी राहू नकोस. पर्स कुठे आहे?

मेरिबेथ: गाडीत राहिली.

नेल्डा: शाब्बास. दे इकडे. कोंबडीच्या पिल्लांच्या या खोक्यात टाकते, गवताखाली. चोची मारतील, मारू देत.

मेरिबेथ: पण ही पिल्लं कुणाची?

नेल्डा: माझी. सकाळच्या टपालाने आली. आता तुझी. ये, अर्डिथ! तुझ्या पास्टर नवऱ्याच्या मधमाश्या अजून टपालाने आल्या नाहीत.

अर्डिथ: मधमाश्यांसाठी नाही आले मी. मेरिबेथ, तू आहेस होय? बरंच झालं, तुझ्यापासून लपवायचं काय, तू तर आपल्यातलीच. नेल्डा, समितीचं एक काम आहे तुझ्याकडे. कायदा आता आणखी कडक झालाय, ठाऊक आहे ना? गर्भपाताची औषधं जो पाठवेल, जो पोचवेल, त्याच्यावर कुणीही दावा लावू शकतं. पोलीस नको, सरकारी वकील नको. तू लाव, मी लावीन.

नेल्डा: आणि जी घेईल तिच्यावर?

अर्डिथ: तिला काही नाही. आपण काय निर्दय आहोत का? आपल्याला पोचवणारा हवाय. तर तू एवढंच करायचं, तसलं पाकीट आलं की कुणाकडे गेलं ते मला सांगायचं. तुझ्या हाताखालूनच जातं सगळं.

नेल्डा: म्हणजे या गावात पोचवणारी मीच की. माझ्यावर लावतेस दावा?

अर्डिथ: भलतंच काय बोलतेस? तू फलक धरणारी बाई.

नेल्डा: फलक मी सुट्टी टाकून धरला होता. या काउंटरमागे मी केंद्र सरकारची, वॉशिंग्टनची नोकर आहे, ऑस्टिनची नाही आणि समितीचीही नाही. चौतीस वर्षं झाली. कुणाचं टपाल उघडलं नाही, अडवलं नाही आणि त्याबद्दल चकार शब्द बोलले नाही. तुझ्या मामाची राख आली होती टपालाने. मी झाकण उघडून मामांना ओळखायला गेले होते का?

अर्डिथ: त्याची तुलना याच्याशी करतेस?

नेल्डा: वजन करते, अर्डिथ. माझ्या काट्याला एवढंच कळतं. तीन पौंड मामा, चार पौंड मधमाश्या.

अर्डिथ: तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. हे काय चिवचिवतंय?

नेल्डा: मेरिबेथची पिल्लं.

अर्डिथ: तू कोंबड्या कधीपासून पाळायला लागलीस?

मेरिबेथ: आजपासून.

नेल्डा: पंचवीस मागवली तिने, सव्वीस आली. वाटेत एखादं दगावतं, म्हणून ते लोक एक जास्तीचं घालतात.

अर्डिथ: बघू तरी.

नेल्डा: भोकांतून बघ. झाकणाला हात लावायचा नाही. परक्याचं टपाल आहे.

अर्डिथ: आज सगळे नियम जिभेवर आहेत तुझ्या. अगं बाई, किती गोड! कापसासारखी आहेत. ते एक कोपऱ्यात मान टाकून बसलंय, बघितलंस का? त्याला ऊब दे हं, मेरिबेथ. दिवा लाव वर. एकूण एक जीव जगवायचा.

मेरिबेथ: हो.

अर्डिथ: आणि तुझा चेहरा का असा उतरलाय? खात नाहीस की काय? ठेव, ठेव ते खोकं खाली. मी नेऊन देते गाडीत.

मेरिबेथ: नको, अर्डिथबाई, मी नेते. खरंच नको.

अर्डिथ: गप्प बस. तुझ्या हृदयासाठी अख्ख्या चर्चने सहा रविवार प्रार्थना केली, ती तू ओझी उचलावीस म्हणून नाही. नेल्डा, दार धर.

नेल्डा: थांब, मेरिबेथची सही राहिली. तू हो पुढे. दार ढकललं की उघडतं. खोकं आडवं होऊ देऊ नकोस.

अर्डिथ: मला शिकवू नकोस. चला रे बाळांनो, चला घरी.

मेरिबेथ: मिस नेल्डा, त्या घेऊन गेल्या. छातीशी धरून.

नेल्डा: बघतेय मी. सही कर. इथे.

मेरिबेथ: तुमचे उपकार कसे—

नेल्डा: उपकार म्हणू नकोस. मला हे पटलेलं नाही, पोरी. आजही नाही. उद्या पुन्हा बस निघाली तर मी जाईन.

मेरिबेथ: माहीत आहे मला.

नेल्डा: चार दिवस रोज ते पाकीट हातात घेतलं. 'परत पाठवा' असा शिक्का आहे माझ्याकडे, हा बघ, शाईसुद्धा ओली आहे. कुणी विचारलंही नसतं. तू काउंटरला आलीस, मी 'काही नाही आलं' म्हटलं असतं की झालं. चौतीस वर्षांत एक खोटं.

मेरिबेथ: मग का नाही मारला?

नेल्डा: तुझं नाव लिहिलं होतं त्यावर. माझं नव्हतं. जा आता, ती गाडीच्या काचेतून पिल्लांशी बोलत बसलीय.

मेरिबेथ: पिल्लं कधी नेताय परत?

नेल्डा: परत कसली? सहीनिशी नेलीस तू.

(नऊ दिवसांनी, फोनवर.)

नेल्डा: पोस्टातून बोलतेय. पिल्लांची चौकशी करायला फोन केला. इथे रांग आहे, तेव्हा बेताने बोलेन.

मेरिबेथ: बोला, मिस नेल्डा.

नेल्डा: किती जगली?

मेरिबेथ: पंचवीस. ते कोपऱ्यातलं दुसऱ्या दिवशी गेलं. दिवा लावला होता, रात्रभर बसले होते मी जवळ, पण गेलं. पोरांनी अंगणात पुरलं. थोरल्याने गाणंही म्हटलं.

नेल्डा: आणि तू?

मेरिबेथ: मी खिडकीतून बघत होते. खूप रडले. त्या पिल्लासाठी रडले, आणि दुसऱ्यासाठीही. पण तुम्हाला सांगते, पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

नेल्डा: हं. ते मी विचारलं नव्हतं. मी विचारत होते, तुझी तब्येत.

मेरिबेथ: बरी आहे. परवापासून उशी न घेता झोपते. धाप नाही. रस्टी आलाय, खुराडं बांधतोय. हातोडी बोटावर मारून घेतली त्याने.

नेल्डा: तेवढी शिक्षा त्याला हवीच होती. रविवारी येशील का चर्चला?

मेरिबेथ: येऊ का?

नेल्डा: माझ्या बाकावर जागा आहे. थांब, अर्डिथ रांगेत आहे, तिच्या मधमाश्या आल्यात. विचारतेय, पिल्लं कशी आहेत म्हणून.

मेरिबेथ: काय सांगणार तुम्ही?

नेल्डा: 'अर्डिथ, तू गाडीत नेऊन ठेवलंस ते सगळं सुखरूप पोचलं,' असं सांगते.

मेरिबेथ: माझ्याकडून आभार माना त्यांचे.

नेल्डा: मानते की. पोचवलं तर तिनेच.